धाकटीनं न विचारलेले तीन दिवस

बारावीचा निकाल लागला आणि धाकटी घरात म्हणाली, मला विद्यापीठात लेखन शिकायचंय. तिचे वडील बस डेपोतून येऊन मोरीत पाय धूत होते. ते तसेच एका पायावर उभे राहिले.

"लिहायला शिकायचंय? मग पहिलीत मास्तरांनी काय शिकवलं तुला?"

"ते अक्षरं गिरवणं, अण्णा. हे गोष्टी लिहिणं."

"गोष्टी शिकाव्या लागतात? तुझी आजी अंगठेबहाद्दर. ती गोष्ट सांगायला लागली की शेजारपाजारच्यांची दुधं उतू जायची. तिला कुठल्या विद्यापीठानं शिकवलं?"

मधला, म्हणजे धाकटीचा भाऊ, ताटावरून मान वर न करता म्हणाला, "जाऊ द्या हो अण्णा. नाहीतरी थापा मारण्यात ती पटाईत आहे. आता त्याचं सर्टिफिकेट मिळेल."

थोरली भांडी विसळत होती. ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे तिला." आणि विषय संपला. त्या घरात शेवटचा शब्द थोरलीचा असे, कारण आई गेली तेव्हा थोरली अठराची होती आणि धाकटी सातची. तेव्हापासून चूल, धुणं, मधल्याचा अभ्यास, अण्णांचा डबा आणि धाकटीची वेणी, सगळं तिच्या अंगावर पडलं होतं. शिवाय ती इस्पितळाच्या धुणीघरात कामाला जाई. चादरी उकळायच्या, पिळायच्या, घड्या घालायच्या. तिच्या बोटांची कातडी कायम भिजल्यासारखी पांढरी दिसे.

या थोरलीचं एक कोडं होतं. आई जाऊन वर्ष झालं असेल. एका सोमवारी सकाळी तिनं दूध तापवलं, झाकण ठेवलं, कापडी पिशवी उचलली आणि निघून गेली. गुरुवारी संध्याकाळी परत आली, पदर खोचला आणि तीन दिवसांची खरकटी भांडी घासायला बसली. कोणी काही विचारलं नाही. अण्णांनी विचारलं नाही, कारण तिनं खरं सांगितलं तर पुढं काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मधल्यानं विचारलं नाही, कारण त्याला भूक लागली होती. आणि आठ वर्षांच्या धाकटीनं विचारलं नाही, कारण विचारलं तर ती पुन्हा जाईल असं तिला वाटलं. ती नुसती थोरलीच्या पाठीला चिकटून बसून राहिली.

तर धाकटी विद्यापीठात गेली. वसतिगृहाच्या खोलीत दोन खाटा, एक कपाट आणि एक खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडं उघडणारी. खोलीतली दुसरी मुलगी हिशेबशास्त्राची. तिला मैत्रिणी ढीगभर. त्या येत, खाटेवर पसरत, हसत, आणि धाकटी कोपऱ्यात वही मांडीवर घेऊन बसे. एकदा एकीनं विचारलं, "काय गं लिहितेस एवढं?" धाकटीला सांगता येईना. ती म्हणाली, "अभ्यास." तेव्हापासून तिला कोणी विचारलं नाही.

लेखनाच्या वर्गात आठजण. खुर्च्या गोल मांडायच्या आणि एकाचं लिखाण सगळ्यांनी आधी वाचून यायचं. मग त्याच्यावर बोलायचं. पण ज्याचं लिखाण, त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीचे उलटंसुलटं करून बघणार, मासळीबाजारात मासा उलटा करतात तसं, आणि त्यानं आपलं गप बसून ऐकायचं. शेवटी त्याला एक प्रश्न विचारता येतो, बस्स. दुसऱ्या पोरांचा या नियमानं जीव जायचा. धाकटीला मात्र तो पहिल्या दिवसापासून मानवला. गप बसणं तिला घरचंच होतं.

तिसऱ्या वर्षी शिकवणारे सर म्हणाले, "घरात जे कोणी बोलत नाही, ते लिहा." धाकटीला दुसरं काय सुचणार? तिनं थोरलीचे तीन दिवस लिहिले. ठाऊक तर काहीच नव्हतं. मग तिनं एक मोटारसायकलवाला घातला. थोरली त्याच्या मागं बसून गेली, त्यानं दगा दिला, ती परत आली. गोष्ट रंगली. वर्गानं वाहवा केली आणि ती विद्यापीठाच्या वार्षिक अंकात छापून आली. नाव बदललं होतं, पण धुणीघर तेच, भिजलेली बोटं तीच. आंधळ्यालाही दिसावं असं.

मधल्यानं तो अंक गल्लीत चारचौघांना दाखवत घरी नेला. थोरलीनं तो मोरीपाशी उभ्या उभ्या वाचला, पानं पुसून परत दिला आणि फोनवर धाकटीला म्हणाली, "छपाई छान आहे."

झालं. एवढंच. भांडली नाही, रडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दर रविवारी दोघींचा फोन व्हायचा, तो पुढंही होतच राहिला. पण पूर्वी थोरली काय काय सांगायची! कुठल्या डॉक्टरच्या कोटाच्या खिशात काय सापडलं, कोण कोणाशी अबोला धरून आहे. आता ती म्हणे, "आज ढग आहेत. पाणी दोन तास उशिरा आलं. अण्णांचा खोकला बरा आहे. ठेवू?" एकदा धाकटीनं धीर करून म्हटलं, "ताई, अजून काहीतरी सांग ना."

"काय सांगू? सांगितलं की तू लिहिणार."

तेल गेलं, तूपही गेलं, अशी गत. पदवी मिळाली, पण त्या पदवीवर नोकरी कोण देणार? शेवटी धाकटी दुसऱ्या शहरात एका कवळीवाल्या काकांच्या कारखान्यात लागली. कारखाना म्हणजे एका इमारतीतल्या तीन खोल्या. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्याचे ठसे पाठवत. त्यात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, मेणात दात बसवायचे, मग पक्की कवळी करून घासून चकचकीत करायची. धाकटीचा हात नाजूक. काका म्हणत, "पोरी, तुझे दात बघून खऱ्या दातांनी लाजावं." फळीवर शे-दीडशे जबडे ओळीनं आ वासून बसलेले. प्रत्येकावर नंबर, नाव नाही. दिवसभर एवढी तोंडं समोर, आणि बोलणारं एक नाही.

अशी वीस वर्षं गेली. अण्णा गेले. मधला बायकोपोरं घेऊन लांब गेला, जुन्या घरात थोरली एकटी उरली. धाकटीचं लग्न जमता जमता राहिलं आणि मग ती जमवायचंच विसरली. तिनं लिहिणं मात्र सोडलं नव्हतं. तिचं लिखाण वाचायला कोणी नव्हतं, आणि लिहून ठेवलेलं आपल्यालाच किती वेळा वाचणार? शिळ्या कढीला ऊत आणून आणून किती आणायचा?

बेचाळिसाव्या वर्षी तिला कळलं की लेखनाची मोठी पदवी घरी राहूनही करता येते. वर्षातून दोनदा दहा दहा दिवस विद्यापीठात मुक्कामाला जायचं. बाकीचे महिने आपलं काम सांभाळायचं, दर महिन्याला पंचवीस पानं आणि सोबत एक पत्र तिथं शिकवणाऱ्या बाईंना पोस्टानं पाठवायचं. बाई पानांच्या कडेला पेन्सिलीनं लिहून परत पाठवणार. काका म्हणाले, "या वयात? बरं बाई, कर. दहा दिवस लोकं चावायचे थांबतील."

ते पाकीट आलं की धाकटी लगेच उघडत नसे. हात धुवायची, नखांतलं प्लास्टर काढायची, चहा करायची आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून वाचायची. 'हे खरं वाटतं.' 'इथं घाई झाली.' 'पुढं काय झालं?' पुढं काय झालं, असं कोणीतरी विचारतंय, हेच केवढं. बाईंचा चेहरा तिला नीट आठवत नसे, पण त्यांचा 'क' तिनं हजार अक्षरांत ओळखला असता. माणसाची भूक अशी असते बघा, पेन्सिलीच्या रेघेवरसुद्धा भागते.

शेवटच्या मुक्कामाला घरचं एक माणूस दोन दिवस पाहुणं म्हणून आणता येई. धाकटीनं रविवारी फोनवर ढग आणि पाणी झाल्यावर म्हटलं, "ताई, येशील का?"

थोरली तेव्हा नुकतीच धुणीघरातून निवृत्त झाली होती. ती म्हणाली, "येते. बघू तरी कोण एवढे शहाणे तुला वर्षातून दोनदा बोलावतात."

धाकटीला आनंद झाला, आणि फोन ठेवल्या ठेवल्या आठवलं. या मुक्कामात वर्गापुढं येणारी तिची पानं दोन महिन्यांपूर्वीच सगळ्यांना गेली होती. ती पानं थोरलीचीच होती. बाईंच्या सांगण्यावरून जुनी गोष्ट तिनं पुन्हा लिहिली होती, मोटारसायकलीसकट. सुटलेला बाण परत येतो थोडाच? तिनं स्वतःची समजूत घातली की पाहुणे दुपारनंतर येतात आणि वर्ग सकाळी असतो.

पण थोरली आयुष्यभर पहाटेच्या पाळीला गेलेली बाई. ती पहिल्याच बसनं आली आणि विचारत विचारत थेट वर्गात येऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसली. पिशवी मांडीवर. बाई म्हणाल्या, "बसू दे त्यांना." धाकटीला उठून तिला बाहेर नेता आलं असतं. पण ती गोलात बसली होती, पानं तिची होती आणि तोंड उघडायचं नव्हतं. खरं सांगायचं तर नियमाचा तिला त्या दिवशी आडोसाच झाला.

एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांनी सुरुवात केली. "मला ही मोठी बहीण काही पटली नाही. माणसाबरोबर पळून जाते, तीन दिवसांनी परत येते आणि लगेच भांडी घासायला बसते. असं कोण करतं?"

"तिला अपराधी वाटत असणार," वकीलबाई म्हणाल्या.

व्यायामशाळेत शिकवणारा एक तरुण होता. तो पानं उलटत म्हणाला, "मला तर तो माणूसच दिसत नाही. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, आवाज नाही. नुसती मोटारसायकल आहे."

दाराजवळून हसू आलं. सगळे वळले.

"त्या पोराला कळलं," थोरली म्हणाली.

"आपण?" बाईंनी विचारलं.

"मी ती मोठी बहीण."

पोस्टमननी चष्मा काढला. बाई धाकटीकडं बघत होत्या, धाकटी टेबलाकडं. शेवटी पोस्टमनच म्हणाले, आयुष्यभर दारं वाजवलेला माणूस तो, "मग गेला होतात कुणाबरोबर?"

"पिशवीबरोबर," थोरली म्हणाली. "मोटारसायकल कसली, सायकलसुद्धा नव्हती. बसनं गेले. तीन तासांवर एक गाव होतं, तिथं स्टँडच्या मागं लॉज. वरची खोली घेतली. आतून कडी होती. कडी लावली आणि झोपले."

"मग?"

"मग उठले, चहा प्याले, परत झोपले."

"तीन दिवस?" वकीलबाई म्हणाल्या.

"वर्षभराची राहिली होती ना. आई गेल्यापासून सलग झोप माहीत नव्हती. ही झोपेत माझा पदर धरून ठेवायची. कूस बदलली की रडायची. मधल्याला पाणी लागायचं, वडिलांना पहाटे डबा. त्या लॉजवर मला तीन दिवस कोणी ताई म्हटलं नाही. निघताना मालकीणबाई म्हणाली, वहीत तुमचं नाव लिहायचं राहिलंय, काय नाव? तर मला क्षणभर आठवेना."

वकीलबाईंनी हातातली पानं पालथी ठेवली.

"मग परत का आलात?" त्या तरुणानं हळूच विचारलं.

"झोप झाली."

थोरलीनं पिशवीचे बंद सारखे केले. "आणि एक सांगते. हिची गोष्ट छापून आली, तेव्हापासून धुणीघरात माझं नाव मोटारसायकल पडलं. चादरी मोजायला उशीर झाला की, काय, आज पंक्चर का? निवृत्तीच्या दिवशीसुद्धा म्हणाल्या, चला, मोटारसायकल भंगारात निघाली. तेवीस वर्षं."

धाकटीला हे ठाऊक नव्हतं. कोण सांगणार? तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बाई म्हणाल्या, "आता लेखिकेला एक प्रश्न विचारता येईल." धाकटीनं मान वर केली. विचारायचं खूप होतं. माफी मागायची होती. आणि तोंडातून निघालं काय?

"खोलीला खिडकी होती का?"

थोरलीनं तिच्याकडं बघितलं. मग बाकीच्यांना म्हणाली, "बघा. लागली लिहायला."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर दोघी बसची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. धाकटी म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?"

"वाटलं, तू परत निघून जाशील."

"आठ वर्षांची होतीस तेव्हा ठीक. वीस वर्षांची झालीस तेव्हा गं? लिहायचा धीर झाला, विचारायचा नाही झाला?"

"निदान तेव्हा खोटं आहे म्हणायचंस. सगळ्यांना."

"आणि काय सांगायचं? लॉजवर झोपायला गेले होते? कोणी ऐकलं असतं? मोटारसायकल लोकांना पटते." थोरलीनं गुडघा चोळला. "काल त्यांनी विचारलं, सांगितलं. परक्याला सांगायला काय जातं. उद्या कोण भेटणार आहे त्यातलं."

"मग मला सांग ना. सगळं."

"आता तुझ्यासाठी वेगळं काय राहिलंय त्यात?"

बस आली. थोरली खिडकीशी बसली आणि हात हलवायच्या ऐवजी तिकीट शोधत राहिली.

महिन्याभरानं बाईंचं पाकीट आलं. 'ते तीन दिवस लिहा. लॉज, कडी, वहीतलं नाव. पुस्तक उभं राहील.' धाकटी पायरीवर तासभर बसली. लिहिता आलं असतं. शब्द हाताशी होते, अगदी दाढेखाली आलेला घास. तिनं पेन उचललं आणि मोटारसायकलवाला सगळा खोडला. त्या जागी एवढंच ठेवलं: 'ती सोमवारी गेली आणि गुरुवारी आली. मी विचारलं नाही.' बाईंना पत्रात लिहिलं, 'ते दिवस माझे नाहीत.' बाईंनी समास सोडून मोठ्या अक्षरात लिहिलं, 'इथं भोक पडलंय.' धाकटीनं ते तसंच राहू दिलं. बाड मंजूर झालं, ठीकठाक शेरा मिळाला. समारंभात तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा सभागृहात अकरा माणसं होती. त्यांतली चार पुढच्याचं ऐकायला बसलेली.

त्यानंतरच्या रविवारी धाकटीनं फोन केला नाही. बस धरली आणि थोरलीकडं गेली. दार उघडल्याबरोबर थोरलीनं तिच्या खांद्याकडं बघितलं.

"वही कुठाय तुझी?"

"नाही आणली."

"पेन?"

"तेही नाही."

"मग आलीस कशाला?"

"विचारायला."

थोरली आत गेली आणि तिनं दोन ताटं मांडली. दोघी जेवल्या. भांडी धाकटीनं घासली. थोरली पदराला हात पुसत दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कालपासून डोळा लागला नाही, गुडघा ठणकतोय. जरा पडते. पाचला उठव. मग विचार काय विचारायचं ते." आणि तिनं दार लोटलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

धाकटी बाहेरच्या खोलीत बसली. तिची परतीची बस सहाला, सकाळी कारखान्यात सात कवळ्या द्यायच्या. तिनं प्रश्न मनात लावून ठेवले होते, मेणात दात लावावेत तसे एकापुढं एक. खोलीत घड्याळ सोडून काही हलत नव्हतं. आतून थोरलीचं घोरणं ऐकू येऊ लागलं, संथ, खोल, विहिरीत पोहरा सोडावा तसं.

पाच वाजले. धाकटी उठली, दारापाशी गेली, बोटं दुमडून हात वर केला. तशीच उभी राहिली. मग हात खाली घेतला आणि परत येऊन बसली.

सव्वापाच झाले, साडेपाच झाले. तिनं चिठ्ठी लिहायचं ठरवलं. फळीवर वाणसामानाचा कागद आणि पेन्सिलीचं थोटूक सापडलं. लिहिण्याच्या दोन दोन पदव्या घेतलेली बाई, तिला चार ओळी जमेनात. तिनं कागद घडी करून होता तिथं ठेवला.

तेवढ्यात शेजारीण दारात आली. "ताई कुठायत?"

"झोपल्यात."

"या वेळी? उठवा की, मला जरा काम होतं."

"नको," धाकटी म्हणाली. ती चपला घालत होती. "तिची तिला उठू दे. उठली की सांगा, मी गेले. अन् पुढच्या रविवारी येते म्हणावं."

"बरं. अजून काही सांगू?"

धाकटीनं आत कान दिला. घोरणं चालूच होतं.

"नाही. जरा हळू बोला फक्त," ती म्हणाली आणि बाहेरचं दार आवाज न करता ओढून घेतलं.